आपांनी शिवलेली तार

हमीदाआपा. आधी हे नाव लिहितो, मग बाकीचं. लातुरात मेकॅनिकांच्या गल्लीत मोटरसायकलच्या सीटला रेक्झिन शिवून देणाऱ्या बाई. त्या नसत्या तर मी आज नांदेडला दुकान टाकून बसलो नसतो. भंडारा जिल्ह्यातल्या माझ्या गावी कोणाच्या तरी बांधीत धान रोवत असतो. धान रोवणं वाईट नाही, मला अजून येतं. पण या दिवाळी अंकात माझं नाव छापून आलं नसतं, एवढं नक्की.

या अंकाचे संपादक स्वतःच्या स्कूटरची मूठ बदलायला माझ्याकडे आले होते. पाटी वाचून म्हणाले, "अहो, तुम्ही लिहिलंय 'गरम मुठींचे रबर बदलून मिळेल'. नांदेडात मे महिन्यात हँडलला हात लावला तर फोड येतो. इथं गरम मुठी लागतात कुणाला?" मी म्हटलं, सांगतो, पण लांबण लागेल. ते म्हणाले, मग लिहूनच द्या. माझं शिक्षण सातवी नापास. तरी लिहितोय. चुका त्यांनी सुधाराव्यात. एक चूक मात्र त्यांना सुधारता येणार नाही, ती मलाच सुधारायची आहे. त्यासाठीच हो म्हटलं.

शाळा सुटायला दोन कारणं झाली. एक गणित, दुसरं नदी. पावसाळ्यात शाळेला डोंग्यातून जावं लागायचं आणि मी मुळातच भित्रा. डोंगा हलला की पाढे पाण्यात. मग हळूहळू पाऊस नसला तरी जायचं बंद झालं.

भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूला नवी गावं उभी राहत होती. आमच्याकडचे दहा-बारा जण गवंड्यांच्या हाताखाली कामाला आले, त्यात मी. तेव्हा विशी ओलांडलेली. दीड वर्ष माल कालवला, विटा वाहिल्या. घरं झाली, लोक राहायला गेले, आमचे लोक परत निघाले. लातूरला गाडी बदलायची होती आणि मध्ये तीन तास होते. मी उगाच गल्लीतून हिंडत होतो. एका दुकानापुढे एक बाई रिक्षातून रेक्झिनचा रोल ओढत होत्या. मी हात लावला, रोल आत नेला आणि भिंतीला उभा केला.

त्यांनी रोलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उभा का ठेवलास? समदे आडवा फेकून जातेत."

"आडवा टाकला तर वळ पडतील ना त्याला."

"कुणी शिकवलं?"

"कोणी नाही."

"जेवलास?"

माझी मुलाखत एवढीच झाली. गावची माणसं गाडीत बसून गेली, मी राहिलो. आपांचे मालक दोन वर्षांपूर्वी वारले होते आणि मशीन त्या स्वतः चालवायच्या. गल्लीत बाकी सगळे पुरुष. आपा त्यांच्यात हातभर उंच स्टुलावर बसून, चष्मा नाकावर, तोंडात सुई धरून बोलायच्या आणि तरी प्रत्येक शब्द समोरच्याला लागायचा. माझं नाव सुखदेव. त्यांनी ते कधी घेतलं नाही. "ए भंडारा," अशीच हाक.

पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीतला एक खिळा दाखवला. "तुझी पिशवी हितं अडकव. चूक झाली तर मला येऊन सांग. चुकीला मी काय बोलणार न्हाई. लपवलीस तर ही पिशवी उचल अन् नीघ."

ती पिशवी मी पुढची कित्येक वर्षं दिवसातून दहा वेळा बघत असे.

सीटचं काम आपांचं. मला त्यांनी मुठी दिल्या. मोटरसायकलच्या हँडलला दोन्ही टोकांना जे रबर असतं, ते. लोकांना वाटतं, यात काय काम आहे? काम आहे. गाडीवाला दिवसभर तेवढंच धरून असतो. ते सैल झालं की उजवी मूठ पिळताना हात घसरतो आणि समोर बैल असतो.

झिजलेल्या रबरावरून मी माणूस ओळखायला शिकलो. दूधवाल्याच्या मुठी आतल्या बाजूला झिजतात, कारण किटल्या सांभाळायला तो हात आत घेऊन धरतो. चाकूरहून रोज कोर्टात येणारे एक वकील होते, त्यांची डावी मूठ कोरी करकरीत. क्लच ते दाबतच नसत. आणि क्लासची पोरं. त्या वर्षांत लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. जिल्ह्याजिल्ह्यातून पोरं यायची, खोल्या करून राहायची, पुढच्या वर्षी डॉक्टर व्हायची. ज्यांच्याकडे वडिलांची जुनी फटफटी असायची, त्यांची उजवी मूठ सहा महिन्यांत गुळगुळीत. गाडी जागेवर असतानाही पिळत बसायची ना.

जुनी मूठ काढायची सोपी रीत म्हणजे ब्लेड. मुठीला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चिरा द्यायचा आणि साल काढावी तसं रबर सोलायचं. बाकीचे चार-पाच वेळा ब्लेड फिरवत. मी एका ओढीत काढायचो, खालच्या लोखंडावर ओरखडा न उठवता. गल्लीतले मेकॅनिक बघायला उभे राहत. "भंडाऱ्याचा हात हाय," म्हणत. मला आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी चांगलं येत होतं. त्या ओढीचा मला फार गर्व झाला होता, हे कबूल करतो.

अशात एका डिसेंबरात देशपांडे सर आले.

सर क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. राहायचे मात्र किल्लारीच्या बाजूच्या एका नव्या गावात, आईबरोबर. जुन्या गावात भूकंपाच्या पहाटे घराचं माळवद खाली आलं आणि सरांचा डावा हात लाकडाखाली सापडला. हात वाचला, पण दोन बोटं वाकडी राहिली. थंडीत तो सगळा हात मरायचा. बोटं वळायचीच नाहीत. त्यांच्यावर उपचार करणारा एक परदेशी डॉक्टर होता, मदतीला आलेल्या पथकातला. त्याच्या देशात म्हणे बर्फातही लोक मोटरसायकल चालवतात आणि मुठींमध्ये विजेची तार असते, गाडीच्या बॅटरीवर ऊब देणारी. परत गेल्यावर त्यानं तशा मुठींची जोडी सरांना पाठवून दिली. त्या जोडीवर सर हिवाळाभर पहाटे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर येऊन सहाची बॅच घ्यायचे. तेव्हा पहिली एस.टी. आली की बॅच संपत आलेली असायची.

तीन हिवाळ्यांत रबर फाटलं. सर सकाळची बॅच संपवून गाडी घेऊन आले. आपा नेमक्या आतल्या खोलीत होत्या.

"डावीचं रबर बदलायचंय," सर म्हणाले. "जपून. आत वायर आहे."

"हो सर," मी म्हटलं.

ते चारला येतो म्हणून गेले.

आता ऐका. हँडलच्या खालून एक काळी वायर मुठीकडे जाताना मला दिसत होती. सर म्हणाले आत वायर आहे, मी समजलो हीच ती. ती मी जपून बाजूला बांधली, दोनदा तपासली, आणि मग आपली नेहमीची एक ओढ दिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

रबर सोललं. आतल्या बाजूला केसासारखी बारीक तार नागमोडी बसवलेली होती. प्रत्येक वळणाला तुटलेली. एकाच रेषेत.

मी आधी पिशवीकडे पाहिलं. खोटं कशाला लिहू. पिशवी, स्टँड, नागपूरची गाडी, सगळं डोळ्यापुढून गेलं. मग आत गेलो. आपा भाकरी थापत होत्या.

"आपा, चूक झाली."

"काय करून ठिवलास?"

मी ती सोललेली मूठ पुढे धरली. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला, तार बोटानं चाचपली. सरांचा हात त्यांना माहीत होता, गल्लीत सगळ्यांनाच माहीत होता.

"दुसरी मिळंल का?"

"परदेशची आहे आपा."

"अन् सर उद्या पहाटं कसे येणार?"

आपा तार उजेडाला धरून बघत राहिल्या. तवा तापून धूर निघाला तेव्हा त्यांनी तो उतरवला.

"ही तार कसली हाय? आपल्या करंटच्या शेगडीतली असती तसली?"

मी पाहिलं. तशीच, फक्त बारीक.

"मग जा. हॉस्टेलच्या गल्लीत शेगडीची स्प्रिंग घेऊन ये. हजार वॅटची."

त्या गल्लीत किराणा दुकानातसुद्धा स्प्रिंग मिळायची. खोल्यांवर शेगडी ठेवायला घरमालकांची मनाई, म्हणून प्रत्येक खोलीत एक शेगडी. पोरं रात्र जागायची, चहा उकळायची, स्प्रिंग जळाली की नवी घालायची. मी स्प्रिंग घेऊन आलो तोवर आपांनी मोटर वाइंडिंगवाल्याकडून पांढरी बारीक नळी आणि सुती फीत आणवली होती. शेतातल्या पंपाची मोटर भरताना तारेवर घालतात ती नळी, तापली तरी जळत नाही.

चार वाजता सर आले. मी खाली मान घालून उभा. तोंड उघडणार एवढ्यात आपा स्टुलावरून म्हणाल्या, "सर, माझ्या हातनं ब्लेड चालला. तार तुटली. पोरगं बाहेर गेलं होतं, मी म्हटलं आपणच करावं."

मी आपांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

सर बाकावर बसले. डावा हात उजव्या हातात घेऊन बसायची त्यांना सवय होती. तसे बसले. रागावले नाहीत. "जानेवारीत सराव परीक्षा आहेत," एवढंच म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "बघतो. इथं खोली वगैरे. पण आई जुनं गाव सुटल्यापासून एकटी झोपत नाही."

"खोली कशाला बघताव?" आपा म्हणाल्या. "तुम्ही समद्या लातूरला करंट शिकवताव. आमाला एवढं सांगा, ह्या स्प्रिंगमधली किती तार घ्यायची?"

सर उठले. त्यांचा चेहरा असा बदलला की मला वर्गात बसल्यासारखं वाटलं. "खडू आहे?" रेक्झिनवर खुणा करायचा खडू होता. दुकानाच्या फरशीवर त्यांनी मांडायला सुरुवात केली. शेवटी माझ्याकडे वळले.

"नाव काय तुझं?"

"सुखदेव, सर."

"सुखदेव, हे बघ. अख्खी स्प्रिंग घेतली तर बॅटरीच्या बारा व्होल्टला ती कोमटसुद्धा होणार नाही. फार थोडी घेतली तर लाल होईल आणि माझा हात भाजेल. आपल्याला मधली हवी. गणित म्हणतंय, सहावा हिस्सा. वेढे किती आहेत, मोज."

मी मोजले. तीनशे साठ.

"मग?"

फरशीवर पाणी नव्हतं, डोंगा नव्हता. "साठ," मी म्हटलं.

"बरोबर. मग शाळा का सोडलीस?"

"नदी होती सर."

सर हसले. आपाही हसल्या. मला त्या क्षणी सांगता आलं असतं की सर, ब्लेड माझं होतं. नाही सांगितलं.

साठ वेढे ओढून सरळ केले तर दोन हात लांब तार निघाली. ती नळीत ओवली. पण टीचभर मुठीवर दोन हात तार बसवायची कशी? नुसती गुंडाळली तर सरकते, एका जागी गोळा होते, तिथे भाजतं आणि बाकी थंड. मी तीनदा गुंडाळली, तीनदा सोडली. सर गणित करू शकत होते, हे नाही.

आपा म्हणाल्या, "आण इकडं."

त्यांनी सुती फीत मशीनखाली घेतली, तार तिच्यावर नागमोडी ठेवली आणि शिवायला लागल्या. मशीन पायानं नाही, हातानं चाक फिरवत, एकेक टाका. सुई तारेच्या या बाजूला, मग त्या बाजूला. तारेला स्पर्श नाही, दोरा तिच्यावरून जातोय. लग्नाच्या ओढणीला जरीचा गोटा लावतात, अगदी तसं. सर वाकून बघत होते.

"आपा, हे कुठं शिकलात?"

"माझ्या निकाहच्या कपड्यांचा जोडा मीच शिवला हुता, सर. त्यात काय."

शेगडीच्या तारेला वायर जोडायला कल्हईचा डाग, म्हणजे सोल्डर, बसत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं. डाग द्यावा तर गळून पडतो. मग सरांच्या खिशातली संपलेली पितळी रिफिल घेतली, पेटवून साफ केली, तुकडे कापले, त्यात तारेचं आणि वायरीचं टोक घालून पकडीनं दाबलं. हँडलचं लोखंड सगळी ऊब पिऊन टाकतं म्हणून खाली आधी काचेच्या धाग्याच्या कापडाची पट्टी गुंडाळली, वर आपांनी शिवलेली फीत. आता रबर. साधी मूठ त्यावर चढेना, कारण जाडी वाढलेली. तेव्हा आपांच्या लेकीनं, ती तेव्हा कॉलेजात होती, दारातून सुचवलं, "अम्मी, बॅटची ग्रिप?" खेळाच्या दुकानातून क्रिकेट बॅटची ग्रिप आणि ती चढवायचा लाकडी शंकू आणला, त्यावरून ताणून चढवली. लाल रंगाची होती. दुसरी नव्हती त्यांच्याकडे.

दिवेलागणीला सरांनी गाडी चालू केली, बटण दाबलं आणि डावा हात मुठीवर ठेवला. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत. एक मिनिट, दोन मिनिटं. मग वाकडी दोन बोटं हळूहळू मुठीभोवती वळली.

"आली," सर म्हणाले.

त्यांनी पैसे द्यायला हात खिशात घातला तर आपा म्हणाल्या, "माझी चूक हाय. नको." सर गेले.

मी विचारलं, "आपा, तुम्ही का सांगितलं? नियम तर तुमचाच होता."

"नियम, माझ्यापाशी लपवायचं न्हाई, हा हुता. तू न्हाई लपवलास. संपलं." त्या दोरा गुंडाळत होत्या. "तुझा हात नवा हाय, भंडारा. एकदा नाव निघालं की गल्लीत कुणी तुझ्याकडं गाडी देणार न्हाई. मला काय, बाईमाणूस म्हणून दोन दिवस हसतील."

त्या रात्री मला झोप नव्हती. गाडी वाटेत बंद पडली तर, तार जास्त तापली तर. पावणेसहाला मी क्लासच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. अंधार, धुकं, कानटोप्या घातलेली शेकडो पोरं वह्या घेऊन लगबगीनं आत चाललेली. सहाला पाच कमी असताना एक दिवा आला. सरांनी क्लच दाबला, गाडी थांबवली, आणि मला बघून तो डावा हात वर केला. पाची बोटं उघडून. पोरांना वाटलं, सर कुणाला तरी थांबायला सांगतायत.

पुढे तीन हिवाळे ती मूठ चालली. पोरं तिला "सरांची बॅट" म्हणायची. दिवा लावला की ऊब जरा मंदावायची, एवढी एकच तक्रार.

आपा दोन दिवस म्हणाल्या होत्या. लोक वर्षानुवर्षं हसले. "आपांनी मास्तरांची मूठ कापली" हे गल्लीत पक्कं झालं. क्लासच्या पोरांच्या आणि मास्तरांच्या गाड्या वाढल्या, पण त्यातले निम्मे कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात जाऊ लागले. एकदा एक गृहस्थ सीट घेऊन आले. आपांनी टेप घेतला तसे म्हणाले, "तुम्ही नका हो, त्या माणसाला करू द्या. त्याचा हात साफ आहे म्हणतात."

"हाव, देते की," आपा म्हणाल्या, आणि माप माझ्या हातात दिलं.

मी ते घेतलं. सीट शिवणं मला आपांच्या चौथाईनंसुद्धा येत नव्हतं. तरी घेतलं, आणि गप्प राहिलो. ब्लेडची चूक मला आता फारशी टोचत नाही, ती अजाणता झाली. हे माप घेणं टोचतं.

आपांच्या लेकीचं लग्न झालं, जावई दुकानात आले. तेव्हा आपांनीच सांगितलं, "नांदेडला जा. तिथं बी आता क्लासेस सुरू झालेत. हितं तू माझा माणूसच राहशील. तिथं तुझं नाव होईल." खिळ्यावरची पिशवी त्यांनी स्वतः काढून हातात दिली. इतकी वर्षं ज्या गोष्टीला भ्यालो ती अशी झाली, आणि वर शिदोरी होती.

त्यांचं खरं ठरलं. नांदेडला नाव झालं, तेही पुन्हा गरम मुठींवरूनच. इथं गुरुद्वाऱ्याला देशोदेशीचे शीख येतात, काही जण थेट मोटरसायकलवर. एका एप्रिलच्या दुपारी एक उंचेपुरे सरदारजी दुकानापुढे थांबले. दोन्ही हातांना ओले टॉवेल गुंडाळलेले. मला वाटलं, अपघात.

"ओ भाईसाब," ते म्हणाले, "दो दिन से हाथ में दो तवे पकड़ के आ रहा हूँ।"

पहाडातून निघताना त्यांनी गरम मुठी चालू केल्या होत्या आणि बटण अडकलं. रबर वितळून चिकट झालेलं. वायर उपटून टाका म्हटलं तर त्या गाडीत वायर कुठून कुठं जाते ते कंपनीलाच माहीत, म्हणून ते तसेच आले. मी आधी त्यांना पाणी दिलं, मग बटण मोकळं केलं.

तोवर मी शिकलो होतो. गरम मुठीला ब्लेड लावायचंच नाही. ती पाच मिनिटं चालू ठेवायची, रबर तिच्याच उबेनं मऊ पडतं. मग सायकलच्या चाकाचा आरा घासून गुळगुळीत करायचा, साबणाच्या पाण्यात बुडवून रबराखाली सरकवायचा आणि गोल फिरवायचा. मूठ आपसूक हातात येते. उजव्या बाजूच्या वायरीला एक सैल वेढा ठेवायचा, कारण ती मूठ फिरते. वायर ताठ राहिली तर पिळलेली मूठ परत येत नाही आणि गाडी थांबत नाही. सरदारजींची उजवी तार जळालीच होती. ती मी फितीवर शिवून दिली, गोट्यासारखी. रबर चढवलं.

मी शिवत होतो तेव्हा ते अर्धा तास तारेकडेच बघत होते. मोबाइलवर सगळं टिपून घेतलं. "कमाल है। ये तरीक़ा किसने सिखाया?"

आता खरं उत्तर तीन अक्षरांचं होतं, 'आपांनी'. मी म्हटलं, "बस, करते करते आ गया।"

ते चित्र कुठं कुठं फिरलं देव जाणे. आता हिवाळ्यात थंड प्रदेशातले गाडीवाले मला विचारत येतात. उमरीचा एक फौजी सुट्टीवर आला की तिकडच्या दोस्तांच्या मुठी पिशवीत घालून आणतो. मेकॅनिक पोरं मला "तार शिवणारे काका" म्हणतात. घर झालं, मुलगी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली. मी सुखात आहे. काळजी करायची सवय आहे तेवढी जात नाही.

गेल्या हिवाळ्यात लातूरला गेलो होतो. आपा आता वॉकर धरून चालतात. हात थरथरतात, सुईत दोरा जात नाही. वॉकरच्या मुठींचं रबर पार गेलंय, नुसतं लोखंड धरतात. पहाटे नमाजला उठतात तेव्हा ते किती गार लागत असेल.

मी म्हटलं, "आपा, रबर बदलून देतो. तार पण घालतो आत, छोट्या बॅटरीवर."

"चल हट. मला काय वॉकरवर बसून पहाटं बॅच घ्यायला जायचं हाय का?"

दारावरून एक जुना मेकॅनिक चालला होता. मला ओळखून थांबला आणि आपांना म्हणाला, "बघा आपा, तुमचा भंडारा कुठं गेला. तुम्ही मास्तरांची मूठ कापली, त्यानं ती जोडायची विद्या काढली."

आपा म्हणाल्या, "हाव. हुशार हाय." आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

मी तेव्हाही काही बोललो नाही. माणूस हो-हो हसत निघून गेला.

म्हणून हे लिहिलं. देशपांडे सर निवृत्त झालेत आणि हा अंक दर दिवाळीला घेतात, हे मला माहीत आहे. सर, तुमची तार मी कापली. एका ओढीत, गर्वानं. आपा त्या वेळी आत भाकरी थापत होत्या. आणि तार शिवायची रीत माझी नाही. ती आपांची आहे, त्यांच्या लग्नाच्या जोड्यातून आलेली. त्यांची विद्या मी माझ्या नावावर खपवली आणि माझी चूक त्यांच्या नावावर राहू दिली.

आपा, तुम्हाला उर्दू वाचता येतं, मराठी नाही, म्हणून अंक घेऊन मीच येतो. थंडी पडायच्या आत. आधी वॉकरच्या मुठी बदलीन. फीत मी आणीन, तार तुम्ही सांगाल तशी शिवीन. मग ऊब आली की तुम्हाला घेऊन गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालेन आणि प्रत्येक दुकानापुढे थांबून हे सांगेन. कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानापुढे जरा जास्त वेळ थांबू.